नागपुरी उन्हाळ्यातली फॅब्रिकेशन शेड: आधी कॉम्प्रेसर आणि पत्रा, मग रिज, शेवटी कूलर

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत ज्या मापाच्या जुन्या शेड सर्रास दिसतात, तसली एक शेड या प्रकरणासाठी घेतली आहे. ती कुणा एका कारखान्याची नाही. पुढचे आकडे त्या मापांवरून मांडलेल्या गणिताचे आहेत. तुमची मापं घातलीत तर उत्तरं बदलतील, पण कामाचा क्रम बदलू नका.

शेड ३६ मीटर लांब, १८ मीटर रुंद. वळचणीपाशी उंची ७ मीटर, रिजला (छताच्या सर्वांत उंच मधल्या रेषेला) ९ मीटर. जमीन ६४८ चौरस मीटर, आतली हवा सुमारे ५,२०० घनमीटर. रिज उत्तर-दक्षिण, म्हणजे लांब भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला, जे मुळातच चुकलेलं आहे. पण उभी शेड फिरवता येत नाही. छताला अर्ध्या मिलिमीटरचा जस्ताचा पत्रा, बारा-पंधरा पावसाळे खाल्लेला, मळकट, जागोजागी गंजलेला, खाली इन्सुलेशन काहीही नाही. छताचं क्षेत्र ६६५ चौरस मीटर, त्यात ६५ चौरस मीटर उजेडाचे फायबर पत्रे. आत ५ टनी क्रेन, सहा मिग (गॅसच्या आवरणात तार वितळवून जोडणारी) वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कोपऱ्यात ३० किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर. माणसं पंचवीस, त्यांपैकी ठरलेल्या जागी उभं राहून काम करणारी सोळा. छतावर वाऱ्याने फिरणारे २४ इंची बारा टर्बो व्हेंटिलेटर, निम्म्यांचे बेअरिंग जाम. पश्चिम भिंतीत अडीच मीटर उंचीवर आठ एक्झॉस्ट पंखे आणि त्यांच्या बरोबर वर उघड्या खिडक्या.

अशा ठिकाणी मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: आणखी आठ एक्झॉस्ट लावू, की सरळ एसी बसवू? दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

उष्णता येते कुठून

मे महिन्यात सूर्य नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. २६ मेच्या आसपास दुपारी उभ्या काठीची सावलीही पडत नाही. त्यामुळे भर दुपारी भिंतींपेक्षा छत कितीतरी जास्त ऊन खातं. आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे ९५० वॅट ऊन पडतं आणि मळका, गंजका पत्रा त्यातलं तीन-चतुर्थांश शोषतो. बाहेर ४४ अंश असताना असा पत्रा ६८ अंशांच्या आसपास जातो.

तो पत्रा खालची हवा फारशी तापवत नाही, कारण गरम हवा वरच राहते. तो सरळ किरणांनी खालची जमीन, लोखंड आणि माणसाची पाठ तापवतो. ६८ अंशांचा पत्रा आणि ४२ अंशांच्या खालच्या वस्तू यांच्यात चौरस मीटरला साधारण १७५ वॅटची देवघेव होते. ६०० चौरस मीटरचे शंभर किलोवॅटच्या वर झाले. फायबर पत्र्यांतून थेट आत येणारं ऊन आणखी ३० किलोवॅट. कॉम्प्रेसर जितकी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे २८ किलोवॅट. वेल्डिंग आणि बाकीची यंत्रं मिळून २०. एकूण १८० किलोवॅटच्या घरात.

आता एसीचं बघा. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. फक्त वरची बेरीज भागवायला पन्नास टन लागतील, आणि ट्रक आत घ्यायला शटर उघडलं की तेही पुरणार नाहीत. एक्झॉस्टचा घोळ वेगळा आहे. अडीच मीटरवरचा पंखा जवळची हवा ओढतो. इथे जवळ आहे ती वरची उघडी खिडकी. बाहेरची हवा खिडकीतून आत येते आणि पंख्यातून लगेच बाहेर जाते. मधली शेड आणि वर साचलेला गरम थर दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. पंखे आठाचे सोळा केले तर हाच फेरा दुप्पट होईल.

आधी मोजायचं काय

बहुतेक जण भिंतीवरचा थर्मामीटर बघतात आणि तो किरणांची उष्णता धड दाखवत नाही. त्यासाठी काळा गोळा लागतो. बाजारात तयार मिळतो. नाहीतर पाण्याच्या टाकीचा १५० मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ फ्लोट घ्यावा, बिनचमकीचा काळा रंग द्यावा आणि मध्यभागी थर्मामीटरचं टोक येईल असा बसवावा. टांगल्यावर पंचवीस मिनिटं थांबून वाचायचं. हवेचं तापमान ४५ आणि गोळ्याचं ४९-५० असेल तर दोष छताचा, हे नक्की. दोन्ही सारखेच असतील तर छत सोडून हवेकडे वळा.

पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड बंदुकीने थेट घेऊ नये. चमकदार जस्तावर किंवा गॅल्व्हल्यूमवर (जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर) ती हमखास कमी आकडा दाखवते. पत्र्याच्या खालच्या बाजूला काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा हातभर तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. क्रेनच्या पुलावरून दोरी सोडून दीड, तीन, पाच आणि सात मीटरवर हवेचं तापमान घ्यावं, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. दीड आणि सात मीटरमध्ये पाच-सात अंशांचा फरक दिसला तर घाबरू नका. उंच छताचा फायदा तोच आहे: गरम हवा डोक्याच्या वर राहते. तिला खाली आणायचं नाही, वरून बाहेर घालवायचं.

काम पहिलं: कॉम्प्रेसर

सगळ्यांत स्वस्त काम हेच आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. कॉम्प्रेसरच्या गरम हवेच्या तोंडाला पत्र्याचा डक्ट जोडून भिंतीबाहेर काढायचा. डक्टचं तोंड कॉम्प्रेसरच्या जाळीपेक्षा लहान नको, वळण एकापेक्षा जास्त नको आणि लांबी चार-पाच मीटरच्या वर गेली तर मध्ये पंखा घालावा. नाहीतर उलटा दाब येऊन कॉम्प्रेसरच जास्त तापून बंद पडतो. आत जाणारी हवा उत्तरेच्या भिंतीतून, जाळीतून घ्यावी. २८ किलोवॅट एका दिवसात शेडबाहेर.

काम दुसरं: पत्रा पांढरा करणं

उन्हाचं ७५ टक्के परावर्तन करणारा पांढरा रूफ कोटिंगचा रंग लावला की तोच पत्रा त्याच उन्हात ५० अंशांच्या आसपास राहतो. मग खाली येणारी किरणांची उष्णता चौरस मीटरला १७५ ऐवजी ५० वॅट होते. छताचे शंभर किलोवॅट तिसावर आले. दुसऱ्या कुठल्याही एका खर्चात एवढा फरक पडत नाही.

मात्र रंग टिकतो तो तयारीमुळे. आधी प्रेशर वॉशरने धूळ आणि शेवाळ काढायचं. सुटा गंज वायर ब्रशने घासायचा आणि त्या जागी झिंक फॉस्फेट प्रायमर द्यायचा. स्क्रूंचे रबरी वॉशर कडक झालेले असतात, तेही याच वेळी बदलायचे, कारण रंगानंतर गळती शोधणं अवघड जातं. दोन हात मिळून लिटरला दोन ते अडीच चौरस मीटर धरले तर ६०० चौरस मीटरला २५० ते ३०० लिटर लागतो. ठेकेदार शंभर लिटरमध्ये काम उरकतो म्हणाला तर तो चुना पातळ करून मारल्यासारखा रंग मारणार आहे. काम फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला, पहाटे ते सकाळी नऊपर्यंत. पत्रा हाताला चटका देऊ लागला की थांबायचं. गरम पत्र्यावर रंग पकड घेण्याआधीच वरून वाळतो आणि पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात. धुळीने दोन वर्षांत परावर्तन बरंच उतरतं, म्हणून दर फेब्रुवारीत छत धुवायचं.

छतावर चालताना पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांच्या) रेषेवर फळ्या टाकून चालायचं आणि सुरक्षा दोर बांधायचा. मळून गेल्यावर फायबर पत्रा आणि जस्ताचा पत्रा वरून सारखेच दिसतात. उन्हाने ठिसूळ झालेल्या फायबर पत्र्यावर पाय पडून माणसं सरळ खाली जातात. म्हणून रंगकामाआधी प्रत्येक फायबर पत्र्याभोवती लाल पट्टा मारणं सक्तीचं करा.

त्या पत्र्यांचंही ऊन कमी करायचं आहे. पन्नास टक्क्यांची शेडनेट पत्र्याच्या वर एक फूट अंतर सोडून ताणली की ३० किलोवॅटचे १५ होतात. नेट आतून बांधण्यात अर्थ नाही, ऊन तोवर शेडमध्ये आलेलं असतं. दुपारच्या कामाला उरलेला उजेड पुरतो.

बबल फॉइलबद्दल (हवेच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकला चकचकीत थर लावलेलं आवरण) नेहमी विचारलं जातं. खालची चकचकीत बाजू स्वच्छ राहिली तर ती किरणं चांगली अडवते. पण तिच्यातलं प्लॅस्टिक पेटतं आणि इथे खाली वेल्डिंग आणि ग्राइंडिंग चालतं, म्हणून या शेडमध्ये नको. इन्सुलेशन करायचंच असेल तर ५० मिलिमीटर रॉकवूल, खाली अॅल्युमिनियम फॉइल आणि तारेची जाळी. वजन चौरस मीटरला चार किलोच्या आसपास पडतं. जुन्या ट्रसचं (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं) गणित स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासून मगच. पत्र्यावर पाण्याचे फवारे लावण्याचा जुना उपाय विदर्भाच्या कोरड्या हवेत काम करतो हे खरं. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पत्र्याच्या जोडांत पांढरे थर बसतात, खालून गंज धरतो, आणि मे महिन्यात टँकरचं पाणी छतावर ओतणं कुणाला परवडतं?

काम तिसरं: रिज उघडणं आणि खालून हवा देणं

२४ इंची टर्बोचं तोंड ०.२८ चौरस मीटर. बारा मिळून ३.४. वारा असताना ते फिरून ओढ देतात, पण वारा पडलेल्या दुपारी ती नुसती भोकं असतात. आतल्या आणि बाहेरच्या हवेत ५ अंशांचा फरक धरला तर ती भोकं जेमतेम १७-१८ किलोवॅट बाहेर टाकतात. रंग, नेट आणि कॉम्प्रेसरच्या कामानंतर शेडमध्ये उरतात ६५.

म्हणून रिजवर ३० मीटर लांब, ४५० मिलिमीटर रुंद अखंड फट हवी, वर टोपीसारखा मॉनिटर. क्षेत्र १३.५ चौरस मीटर. रिजच्या दोन पर्लिनांच्या मधला पत्रा दोन्ही बाजूंनी २२५ मिलिमीटर मागे कापायचा. पर्लिन आणि ट्रसला हात लावायचा नाही. टोपी फटीच्या दोन्ही कडांच्या पुढे किमान फटीएवढी असावी आणि दोन्ही बाजूंना उभे वारारोधक पत्रे हवेत, नाहीतर एप्रिल-मेच्या वादळी अवकाळीत पाणी आडवं आत येतं आणि नेमकं वीज पॅनेलवर पडतं. पक्ष्यांसाठी १२ मिलिमीटरची जाळी.

वर जेवढं उघडलं तेवढंच खाली उघडावं लागतं. हे विसरलं जातं आणि मग मॉनिटर चालत नाही अशी तक्रार येते. दीड मीटर बाय १.२ मीटरचे सोळा लूव्हर (तिरक्या पात्यांच्या झडपा), जमिनीपासून अर्धा मीटर वर, बारा पूर्वेला आणि चार उत्तरेला. लूव्हरची पाती आणि जाळी धरली तर निम्मीच जागा मोकळी राहते, म्हणजे सुमारे १४.४ चौरस मीटर. पूर्व बाजू दुपारी सावलीत असते, तिथल्या जमिनीवरची हवा पश्चिमेपेक्षा थोडी बरी असते. पश्चिमेची शटरं आणि खिडक्या सकाळी नऊनंतर बंद, कारण दुपारची झळ तिकडूनच येते.

आठ मीटरच्या उंचीफरकावर आणि ५ अंशांच्या फरकावर ही रचना सेकंदाला सव्वानऊ घनमीटर हवा हलवते, तासाला साधारण ३३,००० घनमीटर, म्हणजे सहाच्या वर हवाबदल, विजेशिवाय. त्यासोबत ५० किलोवॅट जातात. बाकीचे पंधरा घालवायला फरक आपोआप ६ अंशांवर जातो आणि तिथे स्थिरावतो. ही ६ अंशांची वाढ रिजपाशी असते, माणसापाशी नाही.

मॉनिटर बसला की वर, त्रिकोणी भिंतीत एक्झॉस्ट पंखे लावू नयेत. ते मॉनिटरमधूनच उलटी हवा ओढतात. जुने आठ पंखे काढून पूर्वेच्या भिंतीत एक मीटर उंचीवर बसवायचे, हवा आत फेकणारे म्हणून. फक्त मोटर उलटी फिरवून भागत नाही, त्या दिशेला पातं नीट काम करत नाही. अख्खी फ्रेम फिरवून लावायची. जाळी आणि रोध धरून प्रत्येकी ७,००० घनमीटर जरी मिळाले तरी तासाला ५६,००० होतात. हे पंखे रात्री दहा ते सकाळी सहा चालवायचे. नागपुरात मेच्या रात्रीही फार गार नसतात, पण १५० मिलिमीटरच्या काँक्रीटची ही जमीन रात्रीत ३ अंश उतरली तर १७० युनिटच्या आसपास उष्णता शेडबाहेर गेलेली असते आणि सकाळची पाळी हलकी जाते.

काम चौथं: माणसाला गारवा, शेडला नाही

एवढं करूनही बाहेर ४४ असताना आत ४४-४५ राहणारच. गोळ्याचं तापमान मात्र हवेच्या जवळ येतं. इथून पुढे पाण्याचा उपयोग, आणि तो विदर्भाला शिकवावा लागत नाही. वाळ्याच्या ताट्यांपासून लोखंडी कूलरपर्यंत सगळं इथे घराघरांत आहे. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरचा बल्ब ओल्या फडक्यात गुंडाळल्यावर दिसणारं; कूलर हवेला याच्या खाली नेऊ शकत नाही) सुमारे २३.५ अंश येतं. ८० टक्के क्षमतेचा पॅड हवेला साडेसत्तावीसपर्यंत आणतो.

सोळा जागा, प्रत्येकी तासाला १,८०० घनमीटर. एकूण २८,८००, सेकंदाला ८ घनमीटर. त्यासाठी १५,००० घनमीटरचे दोन डक्ट कूलर, उत्तरेच्या भिंतीबाहेर सावलीत. पॅड १५० मिलिमीटर जाडीचे हनीकोम्ब, त्यातून हवेचा वेग सेकंदाला दोन मीटर, म्हणून दोन्ही मिळून ४ चौरस मीटर पॅड. विक्रेता निम्म्या पॅडवर तेवढीच हवा देतो म्हणाला तर गारवा कमी होईल आणि पाण्याचे थेंब डक्टमध्ये उडतील.

मुख्य डक्ट ९०० बाय ७०० मिलिमीटर, भिंतीलगत तीन मीटर उंचीवर. ट्रसखालून नेला की तो गरम थरातून जातो. तीस मीटरचा उघडा डक्ट वाटेत दोन अंश गमावतो, १३ मिलिमीटर नायट्राइल फोम गुंडाळला तर अर्ध्या-पाऊण अंशावर भागतं. प्रत्येक जागी ६०० बाय ३०० मिलिमीटरची फिरती ग्रील.

वेल्डरच्या जागी हवेचा नेम महत्त्वाचा. मिगच्या गॅसचं आवरण सेकंदाला दोन मीटरच्या वाऱ्यात विस्कटतं आणि वेल्डमध्ये सुईच्या टोकासारखी छिद्रं येतात. मग वेल्डर ग्रील बांधून टाकतो आणि कूलर निकामी ठरतो. हवा मागून, खांद्याच्या उंचीवर द्यायची. त्याचं शरीरच आर्कला आडोसा करतं. अॅनिमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) आर्कच्या जागी एक मीटरपेक्षा कमी वेग आहे हे बघूनच ग्रील घट्ट करायची.

कूलर चालू असताना लूव्हर एक-चतुर्थांशच उघडे ठेवायचे, नाहीतर गरम हवा पायांपाशी शिरते. कूलरची हवा पुन्हा कूलरमध्ये घ्यायची नाही. काम करून ती रिजमधून जायला हवी.

फरक किती पडतो? उष्णतेच्या ताणाचा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक छताखाली ०.७ पट ओल्या बल्बचं आणि ०.३ पट काळ्या गोळ्याचं तापमान मिळून काढतात. मूळ शेडमध्ये तो साडेबत्तीसच्या आसपास येतो. रंग आणि रिजनंतर ३१. ग्रीलच्या झोतात २७. आयएसओ ७२४३ या मानकात उन्हाळ्याला सरावलेल्या माणसाच्या मध्यम कष्टाच्या कामासाठी मर्यादा २८ आहे. झोताबाहेर, क्रेनला सामान अडकवणाऱ्यांना ३१च मिळतो, म्हणून ती कामं सकाळी अकराच्या आत उरकायची आणि दुपारी त्या माणसांना पाळीपाळीने झोतात विश्रांती द्यायची.

पाणी तासाला २१० लिटर नुसतं वाफ होतं. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीतून सतत थोडं सोडावं लागतं, नाहीतर क्षार वाढून पॅड दगड होतो; तेव्हा तासाला ३०० लिटर आणि आठ तासांना २,४०० लिटर धरा. रोज पाळी संपण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, पॅड वाळतो आणि वास येत नाही. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची. वीज दोन्ही मिळून ११ किलोवॅट, आठ तासांना ८८ युनिट.

मोठ्या पंख्यांचं काय

२४ फुटी एचव्हीएलएस पंखा (हळू फिरून भरपूर हवा हलवणारा छताचा पंखा) उंच शेडसाठीच बनलेला असला तरी इथे दोन अडचणी आहेत. क्रेनच्या वर आणि ट्रसच्या खाली त्याला सुरक्षित जागा क्वचितच उरते. आणि मेच्या दुपारी तो वरचा गरम थर खाली ढकलतो. त्वचेपेक्षा गरम हवा जोरात अंगावर आली की घाम लवकर सुकतो, पण उष्णताही अंगात शिरते. क्रेन नसलेल्या असेंब्लीच्या भागात एक बसवावा आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार बंद ठेवावा.

त्याचे दिवस येतात जुलैमध्ये. ३२-३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत ओल्या फडक्याचं तापमान ३० च्या आसपास असतं. कूलर दोन-अडीच अंशांपेक्षा जास्त काही देत नाही, उलट कापलेल्या प्लेटवर गंज आणतो. तेव्हा पंप बंद, पॅड काढून ठेवलेले, ब्लोअर नुसत्या हवेवर, आणि मोठा पंखा पूर्ण वेगात. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की पंप पुन्हा चालू.

हीच रचना वसई किंवा तळोज्याच्या शेडला लावायची असेल तर चौथं काम वगळा. तिथे मेमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचं तापमान २८ येतं. कूलर पाचेक अंश उतरवेल, पण हवा जवळजवळ ओथंबलेली करून. तिथे पैसे पत्रा, रिज आणि पंखे यांवर घालावेत; समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून लूव्हरही पश्चिमेला.